बाण कोणावर चालवू नये?

वाळूज आणि चिकलठाणा येथील औद्योगिक वसाहतींत आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ मंडळी काम करतात. नट आणि बोल्ट हे शब्द त्यांच्या तोंडी इतके रुळले आहेत की ते परभाषेतले आहेत हे मुद्दाम सांगावे लागते. यांपैकी ‘बोल्ट’ या शब्दाचे पूर्वचरित्र मात्र सहसा कोणी पाहिलेले नसते. इंग्रजीत हा शब्द मुळात बाणाचा. आखूड, जाड, वजनदार बाणाला तो लावीत, आणि पुढे क्रॉसबो नावाच्या यंत्रधनुष्यातून सुटणाऱ्या बाणाचे ते नावच होऊन गेले. दाराच्या अडसराला आणि यंत्रातल्या खिळ्याला हे नाव मागाहून मिळाले.

या बाणाविषयी धर्मगुरूने लिहिण्याचे कारण असे की, विश्वपरिषदेने ज्या शस्त्रविद्येचे नाव घेऊन तिच्यावर बंदी घातली, ती ही विद्या होय. बंदी इ. स. ११३९ मधली. तिचा मजकूर एका वाक्यात मावतो. परंतु त्या वाक्यात एक असा शब्द आहे की त्याने मला सेमिनरीतील दिवसांपासून स्वस्थ बसू दिलेले नाही. त्या शब्दाकडे येण्यापूर्वी शस्त्र नीट समजून घेतले पाहिजे.

आपल्या परिचयाचे धनुष्य उभे धरतात. प्रत्यंचा बोटांनी ओढायची, ओढलेली ठेवूनच नेम धरायचा आणि दंडातले बळ सरण्यापूर्वी ती सोडायची. क्रॉसबोमध्ये धनुष्य एका लाकडी दांड्याच्या टोकाला आडवे बसवलेले असते. दोरी मागे ओढून हाडाच्या किंवा शिंगाच्या फिरत्या खाचेत अडकवली की ती तेथेच राहते आणि माणसाचे हात मोकळे होतात. दांड्यावरील पन्हळीत बाण ठेवायचा, सावकाश नेम धरायचा, खालचा चाप दाबायचा. दोरी ओढण्यास आरंभी पायाचा रेटा पुरत असे; पुढे धनुष्य पोलादी झाले तेव्हा रहाट आणि दातेरी चक्रे लावावी लागली. बाण हातभरापेक्षा आखूड, लाकडी. त्याला पिसांऐवजी पुष्कळदा चामड्याचे किंवा लाकडाच्या पातळ पट्टीचे दोनच पंख. टोक लोखंडी, बहुधा चार धारांचे. जवळच्या अंतरावरून तो कड्यांचे चिलखत भेदून जाई. त्याचा मोठा दोष म्हणजे भरण्यास लागणारा वेळ. ऑगस्ट १३४६ मध्ये क्रेसीच्या रणांगणावर फ्रान्सच्या राजाने पैसे देऊन आणलेल्या जिनोव्हाच्या क्रॉसबोधारींचा एक बाण भरून होईपर्यंत इंग्रजांचे साधे धनुर्धारी कितीतरी बाण सोडीत होते, आणि मागे हटणाऱ्या त्या जिनोव्हावासीयांना त्यांच्याच बाजूच्या फ्रेंच घोडेस्वारांनी तुडवले.

या शस्त्राचे एक जुने वर्णन बाराव्या शतकातील बायझंटाईन राजकन्या ॲना कोम्नेना हिने आपल्या वडिलांच्या चरित्रात केले आहे. पश्चिमेकडून आलेल्या क्रूसवीरांच्या हातात तिच्या लोकांनी ते पाहिले. माणूस जवळजवळ पाठीवर पडून दोन्ही पाय धनुष्याला लावतो आणि दोन्ही हातांनी दोरी खेचतो, असे ती सांगते. हे यंत्र सैतानी आहे, असे तिचे मत. ज्याला वर्मी बाण लागतो तो आपल्याला काय लागले हे कळण्याआधीच गतप्राण होतो, याचा तिला विशेष धक्का बसलेला दिसतो. तिच्या दृष्टीने हे शस्त्र परक्यांचे, रानटी लोकांचे. आणि ते परके लोक म्हणजे लॅटिन ख्रिस्ती, अर्थात आपलेच पूर्वज म्हणायचे. याच प्रसंगात ती एका लॅटिन धर्मगुरूचे चित्र रंगवते. तो नावेच्या मागच्या टोकाला उभा राहून बाण सोडतो, बाण संपल्यावर दगड फेकतो, दगड संपल्यावर शेवटी जवाच्या भाकऱ्याही फेकून मारतो. आमच्याकडे वेदीवर सेवा करणारा हातात शस्त्र घेत नाही, असे ती ठणकावून लिहिते. धर्मगुरू म्हणून तो परिच्छेद वाचताना मला हसूही येते आणि ओशाळल्यासारखेही होते.

एप्रिल ११३९ मध्ये पोप इनोसंट दुसरे यांनी रोममध्ये लॅटरन येथे विश्वपरिषद भरवली. तिच्या तीस नियमांपैकी एकोणतिसावा या विद्येविषयी आहे. क्रॉसबो चालवणाऱ्यांची व धनुर्धारींची ती प्राणघातक विद्या देवाला तिरस्करणीय आहे, सबब तिचा प्रयोग ख्रिस्ती आणि कॅथोलिक लोकांविरुद्ध यापुढे कोणी करू नये, केल्यास तो धर्मबहिष्कारास पात्र होईल, असा त्याचा आशय. मी ज्या शब्दाविषयी म्हणालो तो हा: विरुद्ध. ख्रिस्ती लोकांविरुद्ध.

काही ख्रिस्तसभा-इतिहासकारांच्या मते हा नियम युद्धाविषयी नसून एका जीवघेण्या खेळाविषयी आहे. पैज लावून एकमेकांवर बाण सोडण्याचे सामने त्या काळी होत, त्यांना आळा घालण्याचा हा प्रयत्न, असे ते म्हणतात. या मताला एक आधार आहे. याच परिषदेच्या चौदाव्या नियमाने नाइट लोकांच्या झुंजींवर बंदी घातली. जो अशा झुंजीत मरेल त्याला अखेरच्या क्षणी पापनिवेदन व प्रवासाची शिदोरी म्हणून ख्रिस्तशरीर नाकारू नये, परंतु ख्रिस्तसभेच्या भूमीत त्याचे दफन होऊ नये, असे त्यात म्हटले आहे. मरणाऱ्याला क्षमा, पण मरणाच्या तमाशाला मान नाही. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. एकोणतिसाव्या नियमाचा अर्थ मात्र पुढील पिढ्यांतील धर्मशास्त्र्यांनी युद्धाला धरूनच लावला, आणि १२३४ मध्ये पोप ग्रेगरी नववे यांच्या आज्ञेवरून संत रेमंड यांनी सिद्ध केलेल्या धर्मनियमांच्या संग्रहातही ही बंदी समाविष्ट झाली. त्यामुळे आपणही तसाच अर्थ घेऊ.

तरी खेळाचा विषय निघालाच आहे तर त्याविषयी चार शब्द. आपल्या राज्यातील साताऱ्याची अदिती स्वामी ही २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथे वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड धनुर्विद्येत जगज्जेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत जगज्जेता झाला, तेव्हा कोणाच्या सदसद्विवेकाला टोचणी लागण्याचे कारण नव्हते. खेळ ही मनाची विश्रांती असून मनाला तिची गरज असते, असे संत थॉमस अक्विनस यांनी सविस्तर प्रतिपादिले आहे. क्रॉसबोचाही खेळ आहे; त्याचा आंतरराष्ट्रीय संघ १९५६ मध्ये जर्मनीतील लांड्सहूट येथे स्थापन झाला. इटलीतील गुब्बिओ गावी दर वर्षी मे महिन्याच्या अखेरच्या रविवारी शेजारच्या सान्सेपोल्क्रोचे नेमबाज येतात आणि चौकात ३६ मीटर अंतरावरून लाकडी लक्ष्यावर जुन्या धाटणीच्या क्रॉसबोंनी बाण मारतात. हा सोहळा गावाचे आश्रयदाते संत उबाल्डो यांच्या सन्मानार्थ असतो. हे उबाल्डो लॅटरन परिषदेच्या वर्षी त्याच गावाचे महागुरुस्वामी होते. ज्या विद्येला परिषदेने देवाला तिरस्करणीय म्हटले, तीच त्या काळच्या एका महागुरुस्वामींच्या सणाची शोभा झाली! फ्लँडर्सच्या नगरांत क्रॉसबोधारींचे संघ संत जॉर्ज यांच्या नावाने, तर साध्या धनुर्धारींचे संत सेबास्तियन यांच्या नावाने स्थापन झाले. ज्या हुतात्म्याच्या देहात बाण रुतले त्यालाच बाण मारणाऱ्यांनी आपला पालक मानले. यात विसंगती वाटेल, मला ती वाटत नाही. बाणाखाली कोण उभा असतो हे नेम धरणाऱ्याला दाखवणारा त्याहून चांगला संत मिळाला नसता.

विद्येत दोष नाही, असे एकदा मान्य केले म्हणजे प्रश्न उरतो तो लक्ष्याचा.

परिषदेने याच विद्येवर बोट का ठेवले असावे, याचे एक उत्तर इतिहासकार देतात ते सामाजिक आहे. घोडा, चिलखत आणि तलवार यांची साधना लहानपणापासून व्हायची. तिला जमीनजुमला लागायचा. क्रॉसबो चालवणे शेतकऱ्याच्या पोराला थोडक्या दिवसांत शिकवता येई. दहा पिढ्यांच्या सरदाराला एक बिननावाचा माणूस भिंतीआडून खाली पाडू लागला, ही गोष्ट सरदारांना सहन होणारी नव्हती. येथे आपल्याला एकलव्य आठवल्यावाचून राहत नाही. द्रोणाचार्यांनी त्याचा अंगठा मागितला, कारण प्रत्यंचा ओढण्याचे कौशल्य अंगठ्यात होते आणि ते राजपुत्राकडेच राहायला हवे होते. क्रॉसबोला अंगठ्याचे ते कौशल्य लागत नाही. दोरी खाच धरून ठेवते, बोटाने चाप दाबला की झाले. एकलव्याच्या हाती हे यंत्र असते तर गुरुदक्षिणेचा काही उपयोग झाला नसता. १२१५ मध्ये इंग्लंडच्या सरदारांनी राजा जॉनकडून मॅग्ना कार्टा ही सनद लिहून घेतली, तीत परदेशी क्रॉसबोधारींना राज्याबाहेर घालवावे असे एक कलम आहे, यावरून सरदारांना हे शस्त्र किती खुपत होते ते दिसते.

पण हे उत्तर पुरेसे नाही. सरदारांच्या भीतीखेरीज या बंदीत खरी कणवही होती, असे मी मानतो. देवाला तिरस्करणीय, हे शब्द केवळ मालमत्तेच्या काळजीतून येत नाहीत. आपल्या दौलताबादच्या किल्ल्यात याचा थोडा अनुभव घेता येतो. तेथील अंधारी नावाच्या भुयारात शिरणाऱ्या शत्रूला चाचपडत वर चढावे लागे आणि राखणारा माणूस त्याच्यापासून हातभर अंतरावर, त्याचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळ असे. त्याच किल्ल्यावर वर गेले की मेंढा तोफ आहे. तिच्याजवळ उभे राहून खाली पाहिले तर माणूस मुंगीएवढा दिसतो. दोन्हींचा हेतू एकच. परंतु मारणाऱ्याच्या अंतःकरणावर दोन्हींचा परिणाम एकच होत असेल, असे मला वाटत नाही. क्रॉसबो हे या अंधारीकडून तोफेकडे जाणाऱ्या वाटेवरचे एक मोठे पाऊल होते. मारणे सोपे झाले, दूरचे झाले आणि मारणाऱ्याचा चेहरा दिसेनासा झाला. बाराव्या शतकातील धर्मपित्यांना हे जाणवले होते. ॲना कोम्नेनालाही जाणवले होते. दोघांनीही ते आपापल्या लोकांपुरते मांडले, एवढेच.

काही वर्षांपूर्वी धर्मशिक्षणाच्या वर्गात नववी-दहावीच्या मुलांना मी हा नियम सांगितला. ख्रिस्तसभेने आठ-नऊशे वर्षांपूर्वी शस्त्रबंदी केली होती, हे सांगताना माझ्या आवाजात थोडा अभिमान असावा. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘‘फादर, मग बाकीच्यांना मारलेलं देवाला चालायचं का?’’ वर्ग हसला. मी तिला जे उत्तर इतिहासाला धरून होते तेच दिले: होय, त्या काळच्या बहुतेकांना तसेच वाटत होते. पुढील धर्मशास्त्र्यांनी तर स्पष्टच लिहिले की अख्रिस्ती शत्रूविरुद्ध, आणि न्याय्य युद्धात तर ख्रिस्ती शत्रूविरुद्धही, हे शस्त्र वापरण्यास हरकत नाही. आणि आपले युद्ध न्याय्य नाही असे म्हणणारा राजा कोठे सापडतो?

या नियमाची बाजू घेणारे दोन युक्तिवाद करतात. पहिला असा की ख्रिस्तसभेचा अधिकार ख्रिस्ती माणसांवरच चालत होता, म्हणून नियमही तेवढ्यापुरता. वरवर पाहता हे पटते. पण नीट पाहिले तर अधिकार बाण सोडणाऱ्यावर चालवायचा होता. तो ख्रिस्तीच होता. बाण ज्याच्या छातीत जाणार तो कोण आहे, याचा अधिकाराशी संबंध नव्हता. मुलाला बाप ‘दगड मारू नकोस’ असे सांगतो तेव्हा त्याचा अधिकार मुलावर असतो. ‘आपल्या गल्लीतल्या पोरांना मारू नकोस’ असे म्हणणे ही अधिकाराची मर्यादा नव्हे, मनाची मर्यादा होय.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. दयेचे वर्तुळ हळूहळू वाढते. आधी घर, मग गाव, मग धर्म, मग मानवजात. म्हणून पहिल्या पायरीला नावे ठेवू नयेत. हे मी अर्धेच मान्य करतो. वर्तुळ वाढते तसे आवळतेही. नियमातच ‘ख्रिस्ती आणि कॅथोलिक’ असे शब्द होते. सत्तर वर्षांनी, १२०९ मध्ये, दक्षिण फ्रान्समधील पाखंडी पंथीयांविरुद्ध क्रूसयुद्ध पुकारले गेले आणि बेझिए नगरात सरसकट कत्तल झाली. मेलेल्यांत कॅथोलिकही होते. ‘आपला’ कोण हे ठरवणे एकदा आपल्या हाती घेतले की कुंपण कधी दोन हात आत सरकले हे कळतही नाही.

इंग्लंडचा राजा रिचर्ड, ज्याला सिंहहृदयी म्हणतात, त्याने पॅलेस्टाईनमध्ये हे शस्त्र मनसोक्त वापरले. ११९१ मध्ये अक्राच्या वेढ्यात आजारी असताना त्याने आपल्याला डोलीत उचलून न्यायला लावले आणि पडल्यापडल्या तटावरील मुसलमान सैनिकांवर स्वतः क्रॉसबो चालवला, असे इतिवृत्तकार सांगतात. त्याला धर्मबहिष्काराचे भय नव्हते; समोरचे ख्रिस्ती नव्हते. आठ वर्षांनी, २६ मार्च ११९९ रोजी, फ्रान्समधील शालू या लहानशा गढीसमोर तो चिलखत न घालता फिरत होता. तटावरून एका ख्रिस्ती माणसाने सोडलेला क्रॉसबोचा बाण त्याच्या खांद्याजवळ लागला. जखम चिघळली आणि ६ एप्रिलला तो मेला. रॉजर ऑफ हाउडन या इतिवृत्तकाराच्या सांगण्याप्रमाणे मरणाआधी राजाने त्या माणसाला समोर आणवले. माझा बाप आणि दोन भाऊ तू मारलेस, असे त्याने राजाला तोंडावर सांगितले. राजाने त्याला क्षमा केली, शंभर शिलिंग देऊन सोडून द्यायला सांगितले. राजाचे डोळे मिटताच त्याच्या सेनानायकाने त्या माणसाची कातडी सोलली. मारणाऱ्याचे नाव निरनिराळे इतिवृत्तकार निरनिराळे देतात. म्हणजे ते कोणालाच नीट माहीत नव्हते.

हा बाण आपल्याही किनाऱ्याला लागला. वास्को द गामाच्या १४९७ च्या सफरीच्या रोजनिशीत क्रॉसबोचे उल्लेख आहेत, आणि १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कच्या फौजेतही क्रॉसबोधारी होते. तोवर बंदुका त्यांची जागा घेऊ लागल्या होत्या. आपल्या मराठवाड्यात सुवार्ता आली ती त्या जहाजांतून नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगावच्या बाजूला बैलगाडीने आणि पायी फिरणाऱ्या फ्रेंच मिशनऱ्यांनी ती आणली, आणि त्यांच्यापाशी शस्त्र नव्हते. तरीही गोव्यातील व वसईतील आपले बांधव आणि आपण एकाच ख्रिस्तसभेचे. ज्या नियमाने ख्रिस्ती छातीला अभय दिले त्याच नियमाने मांडवीच्या काठावरील माणसाची छाती उघडी ठेवली, हे आपण आपल्याच इतिहासात वाचले पाहिजे, विरोधकांच्या तोंडून ऐकण्याची वाट पाहू नये.

आपल्यातूनच याला उत्तर देणाराही निघाला. लॅटरन परिषदेनंतर बरोबर चारशे वर्षांनी, १५३९ मध्ये, स्पेनमधील सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया या डोमिनिकन धर्मगुरूने व्याख्याने दिली. अमेरिकेतील आदिवासींविरुद्ध त्याचा राजा युद्ध करीत होता. धर्म वेगळा असणे हे युद्धाचे न्याय्य कारण होऊ शकत नाही, ते लोक आपल्या भूमीचे खरे धनी आहेत, असे त्याने सांगितले. इतर काही कारणांनी युद्ध होऊ शकते असेही त्याने मान्य केले, आणि त्या फटींतून राजाची माणसे आत शिरली. तरी ‘विरुद्ध’ या शब्दापुढचे विशेषण त्याने खोडले, हे लहान काम नव्हे.

हा दोष केवळ धर्माचा, नव्या सुधारलेल्या जगाने तो मागे टाकला, असे कोणास वाटत असेल तर त्याने कलकत्त्याजवळच्या दमदमकडे पाहावे. रशियाच्या झारच्या पुढाकाराने १८६८ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे राष्ट्रांनी ठरवले की ४०० ग्रॅमपेक्षा हलके, फुटणारे प्रक्षेपास्त्र माणसावर वापरायचे नाही. पण हे बंधन सही करणाऱ्या राष्ट्रांच्या आपसांतील युद्धापुरतेच. १८९० च्या दशकात दमदमच्या दारूगोळा कारखान्यात इंग्रजांनी अशी गोळी बनवली की ती शरीरात शिरताच पसरे आणि मोठी जखम करी. वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांशी लढताना तिचा उपयोग झाला. १८९९ च्या हेग परिषदेत तिच्यावर बंदीचा प्रस्ताव आला, तेव्हा ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी युक्तिवाद केला की सुधारलेला सैनिक साधी गोळी लागल्यावर मागे सरतो, पण रानटी माणूस लागूनही धावून येतो. त्याच्यासाठी ही गोळी हवी. ठराव झाला, ब्रिटन आणि अमेरिका यांनी विरोधात मत दिले, आणि ठरावाचे बंधनही करार करणाऱ्यांच्या आपसांतील युद्धापुरतेच राहिले. ब्रिटनने तो १९०७ मध्ये मान्य केला. ‘ख्रिस्ती’ या शब्दाच्या जागी ‘सुधारलेले’ हा शब्द आला, बाकी वाक्याची रचना तीच. आणि या वेळी ‘बाकीचे’ आपण होतो.

आपल्या देशाच्या परंपरेतही या नियमाचे भावंड सापडते. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने कोणत्या शस्त्रांनी लढू नये ते सांगितले आहे: लपवलेली शस्त्रे, उलट काट्यांचे बाण, विष माखलेले बाण, पेटवलेले बाण. शरण आलेल्याला, निःशस्त्राला, झोपलेल्याला मारू नये. येथे शत्रूचा धर्म विचारलेला नाही, हे मोकळेपणाने मान्य करावे. लॅटरनच्या नियमापेक्षा या बाबतीत हे वचन सरस आहे. पण ही दया दोन क्षत्रियांमधली. त्याच ग्रंथाने गावकुसाबाहेरच्या माणसासाठी काय लिहिले, ते मराठवाड्यातील आपल्या घरांना नव्याने सांगण्याची गरज नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे तो ग्रंथ जाळला, तेव्हा रणांगणावरील ही दया त्यांच्या वाट्याला कधी आलेली नव्हती.

मे २०१८ मध्ये आपल्या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, दंगल झाली. शहागंज, राजाबाजार भागात दुकाने जळाली, दोन माणसे गेली. त्या दिवशी सकाळपासून फोन वाजत होते आणि प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न एकच होता: आपले कोणी आहे का? प्रश्न स्वाभाविक आहे. आईने आधी आपल्या लेकराला शोधावे, यात पाप नाही, आणि मीही धर्मग्रामस्थांची चौकशीच करत होतो. मला अस्वस्थ करते ते पुढचे. ‘नाही, आपले कोणी नाही’ असे उत्तर मिळाले की फोन ठेवला जाई, आणि त्या ठेवण्यात एक सुटकेचा निःश्वास असे. जणू काही घडलेच नाही. एकोणतिसावा नियम लिहिणाऱ्यांचा निःश्वास याहून फार वेगळा नसावा. प्रभू येशूला एका शास्त्र्याने ‘माझा शेजारी कोण?’ असे विचारले, तेव्हा प्रभूने व्याख्या दिली नाही, यादीही दिली नाही. जखमी माणसाची गोष्ट सांगितली, आणि त्या गोष्टीत जखमी माणूस कोणत्या जातीचा होता हे सांगायचे गाळले. आपल्या प्रवचनांत आपण शोमरोनी माणसाच्या जातीवर भर देतो, तो योग्यच आहे. रस्त्यावर पडलेल्याची जात सांगितलेली नाही, याकडे सहसा लक्ष जात नाही.

पापासाठी नव्या करारात जो ग्रीक शब्द येतो त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे, हे आम्ही धर्मगुरू वारंवार सांगतो. या प्रकरणात तो अर्थ अपुरा पडतो. येथे कोणाचा नेम चुकला नव्हता. नेम कोणावर धरायचा, याचाच परवाना दिलेला होता.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात जेव्हा संपूर्ण नगरांचा त्यांतील रहिवाशांसह नाश करणाऱ्या युद्धकृतीचा निषेध केला, तेव्हा तो अपराध देवाविरुद्ध आणि मानवाविरुद्ध आहे असे म्हटले. मानव, ख्रिस्ती मानव नव्हे. त्याआधी दोन वर्षे पोप जॉन तेविसावे यांनी शांततेविषयीचे आपले परिपत्र सर्व सदिच्छ मानवांना उद्देशून लिहिले होते. ११३९ च्या वाक्यातील तो शब्द बदलायला ख्रिस्तसभेला आठशे सव्वीस वर्षे लागली. बदलला, हे महत्त्वाचे. इतकी वर्षे लागली, हेही लपवण्यात अर्थ नाही. अण्वस्त्रबंदीच्या करारावर होली सी म्हणजे रोमच्या धर्मपीठाने २० सप्टेंबर २०१७ रोजी सही केली आणि त्याच दिवशी त्याला संमतीही दिली. २४ नोव्हेंबर २०१९ रोजी हिरोशिमा येथे पोप फ्रान्सिस यांनी युद्धासाठी अणुशक्तीचा वापर अनैतिक आहे आणि अण्वस्त्रे बाळगणेही अनैतिक आहे, असे सांगितले. कोणाविरुद्ध, हा शब्द त्यात उरलेलाच नाही.

भारताने, आणि अण्वस्त्रे बाळगणाऱ्या इतर कोणत्याही देशाने, त्या करारावर सही केलेली नाही. सरकारांची कारणे असतात, आणि शेजारी कसे आहेत हे मला कळते; सीमेवरच्या जवानाच्या आईला मी व्हितोरिया वाचून दाखवणार नाही. पण ११ मे १९९८ रोजी पोखरणचे स्फोट झाल्यावर ज्या घरांत पेढे वाटले गेले त्यांत आपलीही घरे होती. २०१७ च्या सप्टेंबरातली रोमची ती बातमी त्यांतल्या फार थोड्या घरांत पोचली. वर्गातली ती मुलगी आता महाविद्यालयात आहे. मध्यंतरी ती मिस्सानंतर भेटली आणि तिने विचारले की बंदी मोडणाऱ्या एखाद्या क्रॉसबोधारीला खरोखर कधी बहिष्कृत केले होते का. मी तिला शालूच्या गढीची हकिकत सांगितली. तिने त्या माणसाचे नाव विचारले.